वेगाच्या चलनाला न्यायालयात आव्हान द्यावे की दंड भरून मोकळे व्हावे?

वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन हाती पडले की बहुतेकांच्या मनात आधी आपल्यावर अन्याय झाल्याची भावना येते आणि पाठोपाठ, कटकट नको म्हणून पैसे भरून टाकण्याचा विचार येतो. चलनाचा कागद नीट वाचण्याआधीच हे दोन्ही होऊन जाते. आव्हान द्यायचे की नाही, याचे उत्तर रागातही मिळत नाही आणि कंटाळ्यातही मिळत नाही. ते त्या कागदात, मोजणीच्या नोंदीत आणि थोड्याशा हिशेबात असते. ज्यांना असे चलन पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी हा निर्णय क्रमाने कसा घ्यावा, ते येथे मांडले आहे. नियम देशागणिक, काही ठिकाणी राज्यागणिकही वेगळे असतात. त्यामुळे येथील उदाहरणे समजून घेण्यापुरतीच घ्यावीत आणि चलन जेथे फाडले गेले तेथील नियम स्वतः तपासावेत.

पहिले पाऊल: तारखा लिहून काढा

कागदावर तीन तारखा शोधाव्यात: गुन्हा घडल्याची, नोटीस निघाल्याची आणि उत्तर देण्याची किंवा दंड भरण्याची शेवटची. नोटीस हाती पडली तो दिवस चौथी तारीख म्हणून आपण स्वतः लिहावा आणि नोटीस टपालाने आली असेल तर पाकीट फेकून देऊ नये, कारण त्यावरचा शिक्का हा पुरावा असतो. इंग्लंडमध्ये जागेवर न अडवता कॅमेऱ्याने पकडलेल्या वाहनाच्या नोंदणीकृत धारकाला गुन्ह्यापासून १४ दिवसांच्या आत नोटीस मिळावी लागते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७अ हा नियम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवण्यास सांगतो. नोटीस उशिरा आली की चलन आपोआप रद्द होते, असे मात्र समजू नये. आपण पत्ता बदलून नोंदणीत कळवला नसेल, किंवा वाहन कंपनीच्या नावावर असून पहिली नोटीस कंपनीकडे वेळेत पोहोचली असेल, तर उशिराचा मुद्दा बहुधा टिकत नाही.

आपल्या बाजूची मुदत याहून निर्दय असते. जर्मनीत दंडाचा आदेश बजावल्यापासून दोन आठवड्यांत हरकत नोंदवली नाही, तर तो आदेश अंतिम होतो आणि त्यानंतर बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकायला सहसा कोणी उरत नाही.

विचार चालू असताना पैसे भरू नयेत. बहुतेक पद्धतींत दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे असते आणि प्रकरण तेथेच मिटते; ‘आधी भरतो, मग भांडतो’ हा मार्ग फार थोड्या ठिकाणी मोकळा असतो. लवकर भरल्यास मिळणारी सवलतही याच अर्थाने वाचावी. स्पेनमध्ये २० दिवसांच्या आत भरल्यास दंड निम्मा होतो, पण त्याबरोबर आपले म्हणणे मांडण्याचा हक्कही सोडावा लागतो.

आणखी एक खाचखळगा इंग्लंडच्या उदाहरणावरून लक्षात येतो. तेथे नोटिशीबरोबर ‘त्या वेळी वाहन कोण चालवत होते’ हे विचारणारा अर्ज येतो आणि त्याला २८ दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्याला चलनच मान्य नाही म्हणून काही जण तो अर्ज कोरा ठेवतात. मूळ गुन्ह्यावर एरवी ३ पॉइंट (म्हणजे गुन्ह्यागणिक परवान्यावर नोंदले जाणारे दंडगुण) लागले असते, तेथे चालकाची माहिती न दिल्याबद्दल परवान्यावर ६ पॉइंट चढतात. माहिती देणे वेगळे आणि गुन्हा कबूल करणे वेगळे, हा फरक अशा प्रत्येक अर्जाच्या बाबतीत ध्यानात ठेवावा.

दुसरे पाऊल: कागद ओळीने वाचा

दिनांक, वेळ, रस्त्याचे नाव, जाण्याची दिशा, मार्गिका, वाहनाचा क्रमांक, वाहनाचा प्रकार, लागू असलेली मर्यादा, यंत्राने नोंदवलेला वेग आणि काही ठिकाणी त्यातून वजावट करून धरलेला वेग, एवढ्या गोष्टी चलनावर सापडायला हव्यात. शेवटचे दोन आकडे वेगळे असतील तर गोंधळू नये. जर्मनीत यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी १०० किलोमीटरपर्यंतच्या वेगातून ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के वजा केले जातात व उरलेल्या आकड्यावर दंड ठरतो. ही वजावट आधीच झालेली असेल, तर न्यायालयात ‘यंत्राची चूक धरा’ असे पुन्हा सांगण्यात अर्थ उरत नाही.

नावाचे स्पेलिंग चुकले किंवा गाडीचा रंग करडा ऐवजी चंदेरी लिहिला म्हणून चलन रद्द होते, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तितकीच निरुपयोगी आहे. अशा लेखनचुका न्यायालये सहसा दुरुस्त करून घेतात. ज्या चुकीमुळे गुन्हाच दुसऱ्याचा, दुसऱ्या जागेचा किंवा दुसऱ्या मर्यादेचा ठरतो, तीच चूक कामाची. उदाहरणार्थ, त्या रस्त्यावर मोटारीला आणि मालवाहू वाहनाला वेगळी मर्यादा असेल आणि आपल्या मोटारीला मालवाहू वाहनाची मर्यादा लावली असेल, तर तो मुद्दा थेट गाभ्याला भिडतो.

तिसरे पाऊल: समोरच्याला काय सिद्ध करावे लागते ते ओळखा

वेगाच्या प्रकरणात सरकारी बाजूला साधारणपणे चार गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या जागी अमुक मर्यादा कायदेशीररीत्या लागू होती, वाहन हेच होते, त्याचा वेग मर्यादेहून जास्त होता, आणि चालवणारी किंवा कायद्याने जबाबदार धरलेली व्यक्ती आपणच आहोत. यांपैकी एकही गोष्ट आपल्याला प्रामाणिकपणे शंकास्पद वाटत नसेल, तर आव्हानाला पाया नाही, एवढे येथेच स्वतःशी कबूल करावे.

या यादीत हेतू नाही. वेग जास्त होता हे पुरेसे असते. तो जाणूनबुजून होता की नकळत, हे दोष ठरवताना बहुतेक ठिकाणी पाहिले जात नाही. ‘सगळेच त्या वेगाने जात होते’, ‘रस्ता मोकळा होता’, ‘उतार होता’, ‘मला घाई होती’, ‘पाटी दिसली नाही’ ही वाक्ये न्यायाधीशांनी त्याच दिवशी सकाळपासून अनेकदा ऐकलेली असतात. त्यांतली काही तर बचाव नसून कबुलीच आहेत. घाई होती असे म्हणणाऱ्याने वेग वाढवल्याचे सांगून टाकलेले असते. जीव वाचवण्याची खरी तातडी हा काही ठिकाणी बचाव होऊ शकतो, परंतु त्याच्या अटी कडक असतात आणि त्यासाठी रुग्णालयाचा कागद किंवा तसाच स्वतंत्र पुरावा लागतो.

चौथ्या गोष्टीबाबत देशांमध्ये मोठा फरक आहे. जर्मनीत वेगाची शिक्षा प्रत्यक्ष चालवणाऱ्यालाच होते, म्हणून तेथील कॅमेरे समोरून चेहरा टिपतात आणि ‘छायाचित्रातला माणूस मी नव्हे’ हा खराखुरा वाद होऊ शकतो. इतर अनेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या चलनाची आर्थिक जबाबदारी मालकावरच येते, त्यामुळे तेथे चेहऱ्याला महत्त्व नसते. कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्याचे खोटे नाव पुढे करू नये. वेगाचा किरकोळ गुन्हा तेथून पुढे न्यायप्रक्रियेत खोटेपणा करण्याच्या गंभीर गुन्ह्यात बदलतो.

पुराव्याचे माप किती कडक, हेही पाहावे. कॅलिफोर्नियात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते, तर जेथे वेगाचे उल्लंघन दिवाणी स्वरूपाचे मानतात तेथे कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढ्यावर निकाल होतो. शंका निर्माण करणे पहिल्या ठिकाणी पुरेसे ठरू शकते, दुसऱ्या ठिकाणी ते अपुरे पडते.

चौथे पाऊल: वेग कसा मोजला ते समजून घ्या

येथे वेळ द्यावा, कारण नवखे लोक बहुतेक या ठिकाणीच चुकतात. ‘यंत्र बिघडलेले असेल’ या मोघम वाक्याने काहीच साधत नाही. प्रत्येक यंत्राची चूक होण्याची आपली अशी जागा असते आणि ती जागा माहीत असली, तरच प्रश्न नेमका विचारता येतो.

रडार लहरी सोडते, त्या वाहनावर आपटून परततात आणि वाहनाच्या गतीमुळे त्यांच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून वेग काढला जातो. रडारचा झोत दूर जाईल तसा पसरतो. १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर जवळपास ६३ मीटर रुंद होतो, म्हणजे त्यात शेजारची मार्गिका, पलीकडचा ट्रक, सगळेच येते. म्हणून रडारच्या बाबतीत विचारण्यासारखा प्रश्न ‘आकडा बरोबर होता का’ हा नसून ‘आकडा माझ्याच वाहनाचा होता कशावरून’ हा असतो. मोठ्या वाहनाच्या पुढे-मागे किंवा बाजूला आपली छोटी गाडी असेल, तर हा प्रश्न अधिकच रास्त ठरतो.

तिरक्या कोनाचा मुद्दा लोक फार आत्मविश्वासाने मांडतात. स्थिर उभ्या रडारने वाहनाकडे तिरके पाहिले तर वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. २० अंशांच्या कोनातून १०० किलोमीटरचा वेग सुमारे ९४ दिसेल. ही चूक आपल्याच फायद्याची आहे आणि ती न्यायालयात काढणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय. धावत्या पोलीस गाडीतल्या रडारचा हिशेब मात्र उलटा होऊ शकतो. समोरून येणाऱ्या वाहनासाठी ते यंत्र दोन्ही गाड्यांच्या एकत्रित वेगातून पोलीस गाडीचा वेग वजा करते. दोघांचा मिळून वेग १७० असेल आणि पोलीस गाडीचा खरा ८० चा वेग कोनामुळे ७६ धरला गेला, तर आपला ९० चा वेग ९४ म्हणून नोंदवला जातो.

लेझरचा झोत अगदी अरुंद असतो, ३०० मीटरवर जेमतेम एक मीटर. त्यामुळे वाहन ओळखण्यात चूक होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. हातात धरलेले यंत्र मोजणी चालू असताना वाहनाच्या बाजूवरून घसरत गेले, तर अंतरातला तो फरक वेग म्हणून धरला जाण्याचा धोका असतो. आधुनिक यंत्रे अशी मोजणी बाद करण्याचा प्रयत्न करतात. दोन कॅमेऱ्यांमधील अंतर आणि वेळ यांवरून सरासरी वेग काढणाऱ्या यंत्रणेशी भांडणे सर्वांत अवघड. २ किलोमीटरचे अंतर १०० सेकंदांत कापले तर सरासरी ताशी ७२ किलोमीटर येते, त्यात वाद घालण्याजोगे फारसे काही नसते. तेथे उरतो तो नंबर प्लेट चुकीची वाचली गेल्याचा किंवा कोणी आपल्या क्रमांकाची बनावट प्लेट लावल्याचा मुद्दा.

गाडीच्या स्वतःच्या वेगदर्शकाविषयीही बोलले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवू नये; जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर इतका दाखवला तरी चालतो. खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असू शकतो. तेव्हा ‘माझा काटा मर्यादेच्या खाली होता’ हे म्हणणे अगदीच पोकळ नाही, परंतु काट्याची तपासणी करून घेतल्याचा कागद नसेल आणि त्यातून मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील, तर ते म्हणणे आपल्यावरच उलटण्याची शक्यता अधिक.

पाचवे पाऊल: पुरावा मागवा आणि मग ठरवा

छायाचित्रे किंवा चित्रफीत, यंत्राचे मॉडेल, कॅलिब्रेशनचे (यंत्राची मोजणी अचूक असल्याच्या तपासणीचे) प्रमाणपत्र व त्याची मुदत, त्या दिवशी यंत्र वापरण्यापूर्वी व नंतर तपासल्याची नोंद, आणि हाताळणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, एवढ्या गोष्टी लेखी मागवाव्यात. भारतात १६७अ या नियमाप्रमाणे यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते व त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि देखरेखीखालच्या पट्ट्यात तशी सूचना देणाऱ्या पाट्याही ठळकपणे लावाव्या लागतात. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रकरणाच्या फायलीत नसलेली मोजणीची माहितीही आरोपीला पाहता आली पाहिजे, असे ठरवले. कॅलिफोर्नियात रडार वापरलेल्या अनेक रस्त्यांवर मर्यादा वाहतूक सर्वेक्षणाच्या आधारे ठरवलेली असावी लागते आणि ते सर्वेक्षण फार जुने चालत नाही. आपल्या ठिकाणी अशा कोणत्या अटी आहेत ते शोधून त्या एकेक करून तपासाव्यात.

छायाचित्रे आली की ती नुसती पाहू नयेत, मोजावीत. काही कॅमेरे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतात आणि रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. चलनावर ताशी ८४ किलोमीटरचा वेग आहे असे समजा. ८४ ला ३.६ ने भागले की सेकंदाला २३.३ मीटर येतात, म्हणजे अर्ध्या सेकंदात गाडी सुमारे ११.७ मीटर पुढे गेली पाहिजे. रेघा २ मीटर अंतरावर असतील, तर पहिल्या छायाचित्रातील पुढचे चाक दुसऱ्या छायाचित्रात जवळजवळ सहा रेघा पुढे दिसायला हवे. ते चारच रेघा पुढे गेलेले असेल, तर गाडी ८ मीटर गेली आणि वेग ५७.६ किलोमीटर होता. पट्टी, पेन्सिल आणि दहा मिनिटे, एवढ्यात प्रकरण उभे राहते किंवा कोसळते. बहुतेक वेळा ते कोसळते, हे सांगून ठेवलेले बरे; पण तसे असेल तर ते स्वयंपाकघराच्या टेबलावर कोसळावे, न्यायालयात नको.

मर्यादेच्या पाटीविषयी शंका असेल तर शक्य तितक्या लवकर त्याच वेळी, त्याच दिशेने जाऊन छायाचित्रे काढावीत. फांद्यांआड गेलेली पाटी महिनाभराने छाटणी झाल्यावर स्वच्छ दिसू लागते. गाडी चालवत असताना मात्र छायाचित्रे काढू नयेत. तेवढ्यासाठी दुसरे चलन नको.

सहावे पाऊल: हिशेब मांडा

दंडाची रक्कम हा या हिशेबातला बहुधा सर्वांत लहान आकडा असतो. परवान्यावर चढणारे पॉइंट, विम्याच्या वाढणाऱ्या हप्त्याची काही वर्षे, वाहन चालवणे हीच उपजीविका असेल तर तिच्यावर येणारे गंडांतर, या बाजू आधी लिहाव्यात. इंग्लंडमध्ये ३ वर्षांत १२ पॉइंट झाले की परवाना सामान्यतः किमान ६ महिन्यांसाठी जातो आणि नव्या चालकाचा तर पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंटांवरच रद्द होतो. जर्मनीत ही सीमा ८ पॉइंटांची आहे. इंग्लंडमध्ये ज्याचा परवाना कोरा आहे त्याच्यासाठी ३ पॉइंट ही चिडचिड असते, तर ज्याच्या नावावर ९ आहेत त्याच्यासाठी तेच ३ पॉइंट परवाना घेऊन जातात. दोघांनी एकाच चलनावर वेगळा निर्णय घेतला तर तो दोघांचाही बरोबर असू शकतो.

दुसऱ्या रकान्यात हरण्याची किंमत लिहावी. इंग्लंडमधील ठरावीक दंड १०० पौंड आणि ३ पॉइंट असतो. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यास दंड १,००० पौंडांपर्यंत, मोटरवेवर (द्रुतगती मार्गावर) २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, वर सरकारी बाजूचा खर्च येतो. किरकोळ वेगाच्या प्रकरणात तेथे पॉइंटांऐवजी वेगाविषयीचा जागरूकता वर्ग देऊ केला जातो आणि आव्हान दिले की तो प्रस्ताव गेला. माझ्या मते असा वर्ग मिळत असेल आणि हाती ठोस मुद्दा नसेल, तर विचार तेथेच थांबवावा. याउलट भारतात हलक्या मोटार वाहनाला वेगासाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि त्यासाठी दूरच्या गावातील न्यायालयात दोन-तीन तारखांना जाणे बहुतेकांना परवडत नाही. पण वाहनच आपले नसेल, तर रक्कम लहान म्हणून ते चलन भरू नये. बनावट प्लेटचे पहिले चलन मुकाट भरणाऱ्याकडे त्याच क्रमांकाची पुढची चलनेही येत राहतात.

वकिलाचा सल्ला परवाना किंवा नोकरी पणाला लागली असेल तेव्हा घ्यावाच. एरवी तासाभराचे मार्गदर्शन पुरते.

सातवे पाऊल: पूर्ण सुनावणीशिवायचे मार्ग पाहा

वाहन चुकीचे किंवा मर्यादा चुकीची, असा कागदावरच दिसणारा मुद्दा असेल तर आधी चलन काढणाऱ्या कार्यालयाला छायाचित्रांसह लेखी कळवावे. भारतात ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि व्हर्च्युअल (ऑनलाइन चालणाऱ्या) न्यायालयात चलन अमान्य केल्यास ते नियमित न्यायालयाकडे जाते. लोक अदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण ती तडजोड असते, निर्दोषत्व नव्हे. कॅलिफोर्नियात सुनावणी पूर्णपणे लेखी जबाबावर मागता येते. त्यासाठी रक्कम आधी भरावी लागते आणि निकाल विरुद्ध गेला तर २० दिवसांत नव्याने प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. ‘पोलीस साक्षीला आलाच नाही तर आपण सुटतो’ या आशेवर मात्र कोणी जाऊ नये. कधी तसे होतेही, पण कधी पुढची तारीख पडते आणि आपली आणखी एक रजा जाते.

सुनावणीच्या दिवशी

कागदांच्या तीन प्रती न्याव्यात: एक न्यायालयासाठी, एक समोरच्या बाजूसाठी, एक स्वतःसाठी. मुद्दा एक किंवा दोन असावेत. आठ दुबळे मुद्दे एका चांगल्या मुद्द्याला झाकून टाकतात. साक्षीदाराला प्रश्न विचारताना वाद घालू नये, छोटे आणि ज्यांचे उत्तर नोंदीतून तपासता येईल असेच प्रश्न विचारावेत: माझ्या वाहनाशेजारी त्या वेळी दुसरे वाहन होते का, यंत्र शेवटचे केव्हा तपासले, ती नोंद कोठे आहे. आपण साक्षीला उभे राहिलो तर ‘किती वेगाने जात होतात?’ असे विचारले जाणारच, आणि त्याचे उत्तर खरे द्यावे लागते. म्हणून, ज्याचा संपूर्ण बचाव हा प्रश्न टाळण्यावर उभा आहे, त्याने साक्षीला उभे राहण्याआधीच सल्ला घेतलेला असावा.

निकाल बाजूने लागला तर आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि काही आठवड्यांनी संकेतस्थळावर ते चलन थकबाकीत दिसत नाही ना, हे पाहावे. विरुद्ध लागला तर अपिलाची आणि दंड भरण्याची मुदत त्याच ठिकाणी लिहून घ्यावी, मुदतीत पैसे भरावेत आणि पावती वाहनाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.